तेविसावी ओळ

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही जवळ यावं, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, शाप नाही, आणि चमत्कार होता होता राहिला. एक टाळकरी, त्याची बायको आणि भाताच्या साठ ओळी, एवढाच काय तो पसारा. पण शेवटपर्यंत बसलात तर रिकाम्या हाताने उठणार नाही, हा माझा शब्द.

टाळकरी कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तनात बुवांच्या मागे जी रांग उभी असते, तिच्यातला डावीकडून तिसरा. तो बरोबर वाजवतो तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. एक ठोका चुकला की सगळं देऊळ मान वळवतं. मुळशीतल्या माले गावचा सोपान तसा होता. देवळातही, आणि कामावरही.

भाद्रपदातला मंगळवार. बाहेर पाऊस कोसळत होता आणि सोपान कोरड्या जमिनीवर उकिडवा बसून भेगा बघत होता.

गावातल्या हैबतरावांनी प्रयोगाला दिलेल्या वरच्या खाचरावर लोखंडी कमानी रोवून जाड प्लास्टिकचं छप्पर घातलेलं होतं. चहूबाजूंनी कमरेइतका खोल चर, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर जावं. आत भाताच्या साठ ओळी, दर ओळ वेगळ्या बियाण्याची, दर ओळीत सोळा रोपं. त्यांचं पाणी बावीस दिवस तोडलेलं. वर धो धो आणि खाली तहान, असा तो मांडव. तेवढ्यावर भागलं नव्हतं. कडेने एका नाजूक जातीचं भात दाट पेरून त्याला मुद्दाम करपा लावला होता, म्हणजे तिथून रोग आत शिरावा. करपा रुजायला पानावर ओल लागते, म्हणून सकाळ-संध्याकाळ सोपान पाठीवरच्या पंपाने धुक्यासारखा फवारा मारायचा. पानं भिजतील इतकाच. मुळाला थेंब नाही आणि पानावर दव.

असा छळ कशाला, असं गावातल्या बायका विचारायच्या. पण अलीकडच्या वर्षांत मालेकरांनी हेच उघड्या रानात बघितलं होतं. भात पोटरीत आलं, दाणा धरायच्या बेतात आलं, की पाऊस तीन-तीन आठवडे दडी मारतो. दुपारी ऊन भाजतं, पहाटे डोंगरावरून धुकं उतरतं. मग तहान सोसणाऱ्या जाती करप्याने जातात, आणि करप्याला न बधणाऱ्या जातीही तहानेच्या वेळी करप्यानेच जातात. दोन्ही एकदम सोसणारं भात कुठलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टर सुलक्षणा मॅडम तेच शोधायला इथे आल्या होत्या.

छपराखाली बोट आत जाईल अशा भेगा पडल्या होत्या. विसाव्या ओळीला, एकविसाव्या, बाविसाव्या. तेविसाव्या ओळीच्या बुडाशी भेगा मिटल्या होत्या.

सोपानने मातीत बोट घातलं. विटेसारखी टणक माती असायला हवी होती तिथे बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. बाहेर काढलं तर नखात चिखल.

"काका!" मागून हाक आली. मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारा इंद्रजित छपराच्या तोंडाशी उभा होता. ओली छत्री मिटायचंही त्याला भान नव्हतं. "आत्ताच बोलणं झालं. मॅडम उद्या येतायत, सोबत बियाणं निवडणाऱ्या समितीचे चार जण. फक्त तेवीस नंबर बघायला! अकरा दिवस सलग दोन, काका. साठांत एकच ओळ. कल्पना आहे का तुम्हाला?"

सोपानने बोट लेंग्याला पुसलं.

"व्हय," तो म्हणाला.

आता हा दोन म्हणजे काय, ते सांगायला हवं. करप्याचा आकडा शून्यापासून नऊपर्यंत देतात. शून्य म्हणजे पान निर्मळ. नऊ म्हणजे पान गेलं. मधले आकडे ठिपक्यांवरून. ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो, दोन्ही टोकं निमुळती, मधे राख. बावीस वर्षं सोपान हेच करत होता; या प्रयोगावर, त्याआधीच्या प्रयोगावर, हंगामी मदतनीस म्हणून. शिकलेली माणसं पान यंत्राखाली धरून जो आकडा काढायची तो सोपान उभ्याने सांगायचा आणि दोघांचा आकडा जुळायचा. "सोपानकाकांनी सांगितलंय ना? मग झालं," असं मॅडम म्हणायच्या. त्याने आकडा कधी उचलून धरला नाही, कधी दाबला नाही. हैबतरावांनी एकदा स्वतःच्या बियाण्यासाठी गळ घातली होती तेव्हा त्यांना आठ दिला होता, आणि वर चहाही प्यायला होता त्यांच्याच ओसरीवर.

सवय इतकी हाडीमासी खिळली होती की घरी पिठल्यातल्या मिठालाही तो आकडा द्यायचा. बायको अनुसया चिडली की शेजारी म्हणायचे, "सोपाना, आज किती?" तो हळूच बोटं दाखवायचा. सात दाखवले की शेजारी आपल्या घरात जायचे.

तेविसावी ओळ तिच्या माहेरची होती.

तिचं माहेर चांदे. हिंजवडीच्या अंगाला. तिथल्या खाचरात तिचे वडील लाल कुसळाचं, उंच, उशिरा पिकणारं भात लावायचे. त्याला नाव असं नव्हतंच; सगळे 'बापूचं भात' म्हणायचे. आता त्या खाचरावर चौदा मजले उभे आहेत, भावांनी उरलेल्या जागेत खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत, आणि भात दुकानातून येतं. बापूच्या भाताचं बी राहिलं होतं ते अनुसयाच्या मडक्यात. सोपानचं खाचर एकच. त्यात घर चालवणारं इंद्रायणी लावायचं, की कमी पिकणारं बापूचं? कोपऱ्यात चार-चार रोपं लावून तिने ते बी पंचवीस वर्षं जगवलं. तीन वर्षांपूर्वी होतं नव्हतं तेवढं कापडात बांधून मॅडमच्या हातात दिलं. म्हणाली, "बघा तुमच्या परीक्षेत बसवून. गरीब हाय, पर मुका मार खानारं हाय."

परीक्षा चालू झाली. पहिल्या वर्षी नुसती तहान: बापूचं भात उभं राहिलं. दुसऱ्या वर्षी नुसता करपा: आकडा एक. यंदा दोन्ही एकदम. यात निभावलं तर पुढच्या साली दहा गावांत लावायचं होतं. दहा गावांत बापूचं भात! अनुसया ते वाक्य झोपेतसुद्धा बोलायची.

आणि ओळीच्या बुडाशी ओल होती.

सोपानने आधी चर तपासला. पाझर नव्हता. छपराला भोक नव्हतं. ओल मोजायचं यंत्र दहाव्या आणि चाळिसाव्या ओळीत पुरलेलं. तिथला काटा बरोबर तहान दाखवत होता. तेविसाव्या ओळीत बोट घालून बघायचं कारण कुणालाच पडलं नव्हतं. वरची माती थोडी दमट दिसली की फवाऱ्याची असेल म्हणून तोही पुढे जात आला होता. अकरा दिवस. अकरा वेळा त्याने स्वतःच्या हाताने दोन लिहिला होता.

रोज अकराच्या सुमारास तो आणि इंद्रजित खालच्या उघड्या खाचरात जात, तिथल्या ओळींचे आकडे घ्यायला. साडेबाराला परत येत, तोवर अनुसया भाकरी घेऊन आलेली असे. त्या दिवशी त्याने इंद्रजितला एकट्यालाच खाली पाठवलं.

"कंबर धरलीया माझी. तुमी व्हा फुडं."

आणि पाण्याच्या पिंपामागे, वाळत घातलेल्या बारदानांच्या आडोशाला बसला. स्वतःच्याच कामावर चोरासारखा बसला. पाऊस छपरावर ताशा वाजवत होता. मनात म्हणत होता, पांडुरंगा, कुत्रं येऊ दे, डुक्कर येऊ दे, कुणी दुश्मन येऊ दे.

अनुसया आली.

डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत भाकरीचं फडकं, हातात तांब्याचा तांब्या. खोळ खांबाला लटकवली. चपला बाहेर काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा. तांब्यात घरून आणलेलं देवाच्या पूजेचं पळीभर पाणी होतं. त्यात तिने पिंपातलं पाणी भरून घेतलं. मग डावा गुडघा दाबत दाबत ती ओळींमधल्या चिंचोळ्या वाटेने आत गेली आणि वाकून एकेका रोपाच्या बुडाशी धार सोडू लागली.

"प्या गं बयांनो. प्या. कुनाला सांगू नगा."

सोपान उठून उभा राहिला. बारदान खाली पडलं.

अनुसया दचकली, पण तांब्या तिने सरळ धरला होता. थेंब सांडला नाही.

"अगं, काय केलंस ह्ये?"

"काय केलं? पानी घातलं."

"किती दीस झालं?"

"एकादशीपास्नं."

"एकादशी!" तो मटकन बसला. "आन् मी रोज तितं दोन लिवतोय!"

"मग? चांगलंच हाय की. दोन म्हंजे चांगलं न्हवं?"

"अगं, त्यास्नी तहानंलं ठिवायचं हाय! त्येच तर बघायचं हाय!"

"कुनी सांगितलं तहानंलं ठिवायचं?" तिचा आवाज चढला. "सप्त्यात बुवा काय म्हनालं? तुमी हुता की मागं उभं, टाळ कुटत. तहानल्याच्या तोंडात पानी घातलं की त्येच्याएवढी पूजा न्हाई म्हनालं. देवाचं पानी पायदळी टाकू ने, रोपाच्या मुळाशी घालावं, ह्ये माझ्या आयनं शिकिवलंय मला. हितं वरनं एवढा पाऊस पडतोय, बेडकांस्नी मिळतोय, आन् माझ्या बापाचं भात माना टाकाया लागलं हुतं. मी कोन, कसाई हाय?"

बुवांनी तसं सांगितलं होतं, हे खरंच. त्या वाक्यावर त्याने ठेकाही बदलला होता, इतकं ते त्याला भिडलं होतं.

"म्हंजे त्ये आदीच माना टाकत हुतं?" त्याने हळूच विचारलं.

अनुसयाने ओठ घट्ट मिटले. मग तांब्या छातीशी धरून म्हणाली, "अवो, खाली इंद्रजितदादा भेटलं, उद्या समदी येनार म्हनं. उद्याचा एकच दीस ऱ्हायलाय. येतील, बघतील, जातील. फुडच्या साली धा गावांत... तुमी गप बसा. एवढं एक ऐका माझं. लगीन झाल्यापास्नं काय मागितलं मी?"

काहीच नव्हतं मागितलं. तेच तर अवघड होतं.

दुपारी हैबतराव आले. छपराखाली उभे राहून त्यांनी तेविसाव्या ओळीला हात जोडले, अर्धे चेष्टेने, अर्धे खरे.

"सोपाना, सासुरवाडीनं नाव काडलं लेका! आमच्या बियान्याला आठ, आन् बायकूच्या बियान्याला दोन. व्हय रं, घरी भाकरी बंद व्हईल म्हनून तर न्हाई?"

इंद्रजित हसला. सोपान पंपाचा पट्टा आवळत राहिला.

"मस्करी सोड," हैबतराव म्हणाले. "डोंगरउताराच्या वरकस रानात माझी पाच एकरं पडीक हायेत. पानी थांबलं की समदं करपतंय म्हनून सोडली. ह्ये बी आलं की लावतो बघ. माझा मेव्हना बी लावनार हाय, धनगरवस्तीवालं बी इचारत हुतं. म्हनलं, सोपाननं आकडा दिलाय, डोळं झाकून लावा."

डोळे झाकून. ते शब्द सोपानच्या कानात टाळांसारखे आदळले आणि कितीतरी वेळ वाजत राहिले.

संध्याकाळी घरी दोघं समोरासमोर बसून जेवली. अनुसयाने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ताट उचलताना एवढंच म्हणाली, "मीठ किती?" त्याने आकडा दिला नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. असं पहिल्यांदा झालं.

बुधवारी सकाळी उघडीप होती. दोन गाड्या आल्या. सुलक्षणा मॅडम सगळ्यांच्या आधी उतरल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस पांढरे, चालणं भरभर. मागे समितीची चार माणसं, पांढऱ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरून तोल सावरत. हैबतरावांनी चहा मांडून ठेवला होता. आणि बाजूला, खांबाला धरून, अनुसया. जरीकाठाचं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आली होती. माहेरचं कार्य असल्यासारखी.



"सोपानकाका, वही आणा," मॅडम म्हणाल्या. मग समितीकडे वळल्या. "या ओळीचं वैशिष्ट्य आधी सांगते..."

"मॅडम." सोपान पुढे आला. "त्याच्या आदी एक सांगायचं हाय. तेवीस नंबर बाद करा."

"बाद?"

"मुळाला पानी गेलंय. अकरा दीस."

इंद्रजितचा चेहरा उतरला. मॅडमनी खाली बसून मातीत बोट घातलं, काढलं, बघितलं.

"कुणी घातलं?"

सोपानची नजर खांबाकडे गेली नाही. त्याने ती जाऊ दिली नाही.

"म्या घातलं."

बावीस वर्षं ज्याचा आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासला नव्हता, त्या माणसाचं हे बोलणं. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे, ओळखीच्या वाटेवर अचानक भिंत लागावी तशा. मग उठून ओळीच्या कडेकडेने आत चालत गेल्या. छप्पर मागच्या बाजूला उतरत जातं, तिथे वाकावं लागतं. त्या वाकल्या.

"शेवटची चार रोपं कोरडी आहेत," त्या तिथूनच म्हणाल्या. "इथे भेगा आहेत. बारा रोपांना पाणी घातलंत आणि चारांना का नाही घातलं, काका?"

सोपानला खोटं बोलायची सवय नव्हती. पुढचं खोटं कुठून आणायचं ते त्याला कळेना.

"त्ये... ऱ्हायलं. इसरलो."

"रोज? अकरा दिवस?"

"कारन माझा गुडघा वाकत न्हाई म्हनून!"

सगळे वळले. अनुसयाने खांब सोडला होता. ती पुढे आली.

"खोटं बोलतोय ह्यो मानूस," ती म्हणाली. "आयुश्यात पयल्यांदा बोलतोय आन् धड बोलताबी येत न्हाई त्येला. पानी म्या घातलं. तितं मागं छप्पर खाली हाय, मला वाकता येत न्हाई, म्हनून त्या चौघी तशाच ऱ्हायल्या. ह्येंना काल कळलं. काय बोलायचं त्ये मला बोला."

हैबतरावांच्या हातातला कप तिथेच राहिला.

मॅडम शेवटच्या चार रोपांपाशी उकिडव्या बसल्या.

इथे एक कामाची रीत सांगायची राहिली. आकडा घेताना ओळीच्या दोन्ही टोकांची चार-चार रोपं सोडून द्यायची असतात. टोकाच्या रोपांना वारा वेगळा, उजेड वेगळा, ती फसवतात. आकडा नेहमी मधल्या आठांचा. म्हणून त्या चार रोपांकडे सोपानने इतके दिवस मुळी बघितलंच नव्हतं. बावीस वर्षांत कुठल्याच ओळीच्या टोकाकडे बघितलं नव्हतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "या. ही चार बघा."

"मॅडम, टोकाचं..."

"माहितीये. वहीत लिहायचं नाहीये. मला कळायला हवंय. यांना काकूंचं पाणी मिळालेलं नाही. काय आहे ते इथेच कळेल."

"इंद्रजितदादा बघतील."

"नाही. तुम्हीच."

सोपान आत गेला. वाकला. मागे अनुसयाचं लुगडं सळसळलं. ती जमेल तितकी पुढे येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

पहिल्या रोपाची पानं तहानेने सुरळी होऊन उभी होती. त्याने एक पान हलक्या हाताने उलगडलं. बघितलं. दुसरं. दुसऱ्या रोपाकडे गेला. तिसऱ्या. घाई त्याने केली नाही. चौथ्या रोपाची निसवलेली, म्हणजे पोटरीतून बाहेर आलेली लोंबी त्याने तळहातावर घेतली. लाल कुसळं, बापूच्या भाताची. लोंबीच्या मानेशी काळपट पट्टा. हाताला वजन लागलं नाही; दाणे पोचट होते.

त्याला वाटलं असतं तर पाच म्हणता आलं असतं. पाचाला आशा असते. टोकाची रोपं, वहीत जायचं नाही, कुणी तपासणार नाही.

"सात," तो म्हणाला.

"सात म्हंजे?" अनुसयाने विचारलं. तिला माहीत होतं. घरात तिच्याच रागाचा तो आकडा होता.

"म्हंजे न्हाई निभावलं."

कुणीतरी घसा खाकरला. समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघून गाडीकडे वळले. मॅडम मात्र अनुसयाजवळ आल्या, ओल्या बांधावर तिच्या शेजारी टेकल्या.

"काकू, तुमच्या वडलांचं भात चांगलंच आहे. नुसती तहान त्याने सोसली. नुसता रोगही सोसला. पण असं बघा, घरात पहारेकरी एकच आहे. पुढच्या दाराला तहान येऊन बसली की तो ते दार लावून धरतो, सगळा जोर तिथेच. तेवढ्यात मागच्या दाराने रोग आत येतो. दोन्ही दारं एकदम धरणारं भात लाखात एखादं. आम्हाला अजून सापडलेलं नाही."

अनुसया ऐकत होती. मग तिने तेविसाव्या ओळीच्या पुढच्या, हिरव्यागार बारा रोपांकडे बोट केलं.

"आन् ह्या? ह्या कशा ऱ्हायल्या?"

"त्यांना तहान नव्हती. पहारेकरी मागच्या दाराशी मोकळा होता."

"म्हंजे माझ्या तांब्यानं जगल्या."

"हो. जगल्या."

"मग मला पाप लागलं न्हाई," अनुसया म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "तुमचं नुसकान झालं त्येवढं बोला."

मॅडमना हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. त्या उठल्या. "काका, अकरा दिवसांचे आकडे खोडा. प्रत्येकाशेजारी सही करा. तेवीस नंबरपुढे 'बाद' लिहा. आणि संध्याकाळचा फवारा वेळेवर मारा. बाकीच्या एकोणसाठ ओळी आहेत."

सोपानने वही मांडीवर घेतली. एकेका दोनावर रेघ ओढली, एकेक सही केली. त्याची सही मोठी होती, 'सोपान' असं पूर्ण लिहायचा; अकरा वेळा लिहायला वेळ लागला. तोवर चहा निवला. हैबतरावांनी तो पुन्हा गरम करून आणला आणि पहिला कप सोपानच्या हातात दिला.

दुपारी घरी जाताना पांदीच्या चिंचोळ्या वाटेवर अनुसया मागून म्हणाली, "माझी लबाडी कितीची झाली?"

तो चालत राहिला. मग म्हणाला, "माझी धरून?"

"धरून."

"नऊ."

तिने मागून त्याच्या पाठीत हलकेच बुक्की मारली.

कार्तिकात प्रयोग संपला. रोगाचं रान, त्यातलं काडीभरही घरी न्यायचं नसतं, सगळं कापून जागेवर जाळायचं असतं. साठही ओळी सोपानने स्वतः कापल्या. तेविसाव्या ओळीची ती बारा रोपं दाण्याने वाकली होती. त्याने तीही विळ्याखाली घेतली आणि ढिगावर ठेवली. अनुसया भाकरी घेऊन आली होती, बांधावर बसून बघत होती. एक लोंबी द्या, असं तिने म्हटलं नाही.

"कापडात बांदून दिलेलं त्यातलं ऱ्हायलंय का काय?" जाळ बसल्यावर तिने विचारलं.

"मूठभर हाय म्हनं. पुन्यात थंड कपाटात ठिवलंय, पाकिटात. वर तेवीस लिवलंय."

"बापूचं नाव न्हाई?"

"न्हाई."

तिने राखेकडे बघितलं. "थंडी वाजत आसंल त्येला," म्हणाली.

मग तिने फडकं सोडलं, भाकरी काढली. सवयीने तांब्या उचलला, सवयीने मान ओळींकडे वळली. तिथे काळं रान होतं. देवाचं पळीभर पाणी तांब्यात तसंच होतं, आणि ते पायदळी टाकायचं नव्हतं. तिने सोपानला हात पुढे करायला सांगितलं. राखेने काळे झालेले ते दोन हात त्याने ओंजळीसारखे धरले, आणि तिने धार सोडली, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत.

झाली माझी गोष्ट. आता तुमच्याकडे एकच मागणं. घरी गेलात आणि ताटात वाफाळता भात आला, की पहिला घास उचलण्याआधी चांद्याच्या बापूंच्या लेकीची आठवण काढा. अनुसया तिचं नाव. गुडघा वाकत नव्हता, तरी वाकली होती.